हजार सूर्यांनंतर अर्जुनाने काय मागितलं?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ४१ ते ५५

मित्रांनो, अकरावा अध्याय म्हणजे गीतेतला सगळ्यात भव्य प्रसंग. असंख्य मुखं, असंख्य डोळे, आकाशात एकदम हजार सूर्य उगवावेत तसं तेज. पण एवढं पाहून झाल्यावर अर्जुन 'आणखी दाखव' म्हणत नाही. तो आधी क्षमा मागतो : खेळताना, जेवताना, थट्टेत तुला नुसतं 'अरे कृष्णा, अरे मित्रा' म्हणत राहिलो. मग विनवतो, तुझं ते पहिलं रूप दाखव. ५१व्या श्लोकात माणसाचं सौम्य रूप पुन्हा दिसतं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो.

आता तुमचा सगळ्यात आवडता, दहा वेळा पाहिलेला सिनेमा आठवा. 'इंटरस्टेलर' (२०१४) घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे पुन्हा लागला, तेव्हा तरुणांनी थिएटरं भरली. त्यातलं कृष्णविवर किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने साकारलंय. पण डोळे भरून येतात ते दुसरीकडे. एका ग्रहावर काही तास जातात, तेवढ्यात पृथ्वीवर २३ वर्षं उलटतात, आणि बाप मोठ्या झालेल्या मुलांचे साठलेले निरोप बघत रडतो.

रामानंद सागर यांचं 'रामायण' १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालं. त्यातले हवेत एकमेकांवर आपटणारे बाण आज कुणालाही थक्क करणार नाहीत. तरी मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीत, ते पुन्हा लागलं तेव्हा घरोघरी तीन पिढ्या एकत्र बसल्या. बाण जुने झाले, पण भरताची वाट पाहणं जुनं झालं नाही.

आमच्या तळेऱ्याकडे, सगळ्या सिंधुदुर्गात, हे दशावतारातही दिसतं. कृष्ण झालेला माणूस दिवसा शेतात राबतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' अशी म्हणच आहे. तरी तो रंगमंचावर आला की हात आपोआप जोडले जातात. देव ओळखीच्या चेहऱ्यात दिसला की जास्त जवळचा वाटतो. अर्जुनालाही तेच हवं होतं.

म्हणजे अशा कथांनी मन हलतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चमत्कार आपल्याला दारापर्यंत आणतो, आत नेतं ते नातं. भगवंतही ५३ आणि ५४व्या श्लोकांत सांगतात की वेद, तप, दान, यज्ञ यांनी हे दर्शन होत नाही, अनन्य भक्तीनेच होतं.

पण खरी परीक्षा पुढे आहे. शेवटच्या श्लोकात भगवंत काय मागतात? माझ्यासाठी कर्म कर, आसक्ती सोड, कुठल्याही प्राण्याशी वैर धरू नकोस. विश्वरूप पाहिलेल्या अर्जुनालाही रथावरून घरी जाता आलं नाही, समोरचं काम करावंच लागलं. आणि आपण? 'कोई... मिल गया' (२००३) मधला जादू निघून जातो तेव्हा एका परग्रहावरच्या जिवासाठी आपण ढसाढसा रडतो, पण सोसायटीच्या वॉचमनकाकांचं नावसुद्धा आपल्याला माहीत नसतं. पडद्यासमोर उमललेली माया तिथेच विरली, तर ती नुसती करमणूक झाली. ती उठून कुणापर्यंत तरी पोचली, तर ती साधनेची सुरुवात.

आजचा अभ्यास :
१. ज्या प्रसंगाला तुम्हाला दर वेळी रडू येतं, तो एका ओळीत लिहा.
२. त्यात कुठलं नातं आहे? बापलेक, मित्र, घरी परतणं?
३. तुमच्या आयुष्यात त्या नात्यातलं कोण वाट बघतंय? आज झोपायच्या आधी त्यांना फोन करा. मेसेज नको, आवाज ऐकू दे.

हे पार्थसारथी, तुझं विराट रूप आम्हाला झेपणारं नाही. रोज भेटणाऱ्या माणसांत तुला ओळखण्याएवढी नजर दे.

जय श्रीकृष्ण.