नेवाळीची धावपट्टी : पालक-पाल्यांच्या एका दिवसाच्या सहलीची आखणी

परिसर-अभ्यासाच्या सहली म्हटल्या म्हणजे किल्ले, लेणी, धरणे व देवालये यांचीच यादी बहुतेक शाळांतून आढळते. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या टापूतील शिक्षकांच्या अगदी दाराशी दुसऱ्या महायुद्धाचा एक विस्तीर्ण अवशेष पडून आहे, इकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. नेवाळीचा विमानतळ हा तो अवशेष होय. सुटीच्या दिवशी मुलांनी आपल्या आईवडिलांसह व विशेषतः आजीआजोबांसह तो पाहावा, अशी योजना शिक्षकांस सहज करता येईल. खर्च अल्प, अंतर थोडे. तयारी मात्र चांगली हवी, कारण येथे पाहावयाचे ते डोळ्यांस एकदम दिसणारे नाही.

युद्धाचे विमानतळ म्हणताच मुलांच्या मनात विमाने उभी राहतात. नेवाळीस एकही विमान नाही. ही गोष्ट निघण्यापूर्वीच सांगून टाकावी, म्हणजे निराशा होणार नाही. तेथे आहे ती जमीन. आणि ती जमीन वाचावयास शिकविणे हेच या सहलीचे काम.

येथेच विमानतळ का, या प्रश्नापासून आरंभ करावा. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. त्यानंतर हिंदुस्थान ही ब्रह्मदेशाच्या आघाडीची पिछाडी बनली. माणसे व साहित्य मुंबई बंदरात उतरत. मुंबईहून येणारा लोहमार्ग कल्याणास दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. बोटीतून उतरलेल्या सैनिकास कल्याणजवळ मुक्कामास ठेवले, की त्यास उत्तरेस वा दक्षिणेस कोठेही रवाना करता येई. यास्तव कल्याणच्या आग्नेयेस मोठी लष्करी छावणी उभी राहिली, आणि तिच्या दक्षिणेस भाताच्या खाचरांचे बांध मोडून धावपट्टी झाली. वर्गात भिंतीवरचा नकाशा असेल तर हा भाग दहा मिनिटांत समजतो.

खरा अभ्यास आहे तो मापांचा. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाने पूर्ण आकाराच्या विमानतळासाठी जे प्रमाण ठरविले होते, त्यात मुख्य धावपट्टी २,००० यार्ड लांब व ५० यार्ड रुंद, आणि तिला छेदणाऱ्या दोन दुय्यम धावपट्ट्या प्रत्येकी १,४०० यार्डांच्या असत. २,००० यार्ड म्हणजे सुमारे १,८३० मीटर. सहलीच्या आधीच्या आठवड्यात शाळेच्या फाटकापासून गावच्या रस्त्याने हे अंतर मुलांकडून चालवून घ्यावे. साठ सेंटिमीटरचे पाऊल धरल्यास तीन हजारांहून अधिक पावले होतात. इतकी जागा एका सरळ रेषेत, चढउतारावाचून, कोकणच्या भूमीत मिळविणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलास वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर वरच्या वर्गांना क्षेत्रफळ काढावयास द्यावे. या मापाने तिन्ही धावपट्ट्या मिळून सुमारे ५० एकर भरतात. नेवाळी व आसपासच्या गावांतून विमानतळासाठी घेतली गेलेली जमीन मात्र १,६०० एकरांहून अधिक होती. मग उरलेली जमीन कशास लागली? हा प्रश्न मुलांनीच विचारावा अशी वेळ शिक्षकाने आणावी. उत्तर असे की, युद्धातील विमाने एका ठिकाणी ओळीने उभी करणे धोक्याचे. शत्रूच्या एका फेरीत सारी नष्ट व्हावयाची. म्हणून ती दूरदूर, विखरून ठेवीत. इंधनाचे साठे वेगळे, दारूगोळा त्याहून दूर, माणसांच्या राहुट्या आणखी निराळ्या. धावपट्टी हा विमानतळाचा केवळ कणा असतो.

वाऱ्याचा एक प्रयोगही जमतो. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते व उतरते. काठीला कापडाची पट्टी बांधून आठवडाभर वाऱ्याची दिशा नोंदवावी. धावपट्टीच्या टोकांवरील आकडे दिशेच्या अंशांना दहाने भागून लिहितात. पूर्वेकडे तोंड असलेले टोक ०९, उलट दिशेचे २७. दोहोंतील फरक नेहमी १८ का, हे कोड्यासारखे घालावे.

सहलीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. बदलापूरकडील मंडळींनी सकाळच्या गाडीने अंबरनाथ गाठून पुढे रिक्षाने किंवा ठरविलेल्या वाहनाने नेवाळी नाक्यावर जावे. येथे एक सूचना काटेकोरपणे पाळली पाहिजे. विमानतळाच्या जमिनीवर संरक्षण खात्याचा हक्क सांगितला जातो व ती नौदलाकडे आहे. म्हणून कुंपणाच्या आत पाऊल टाकू नये, छायाचित्रे घेऊ नयेत, जमिनीत रुतलेल्या जुन्या लोखंडी वस्तूस हात लावू नये. सार्वजनिक रस्त्यावरून जेवढे दिसेल तेवढे पुरे. मैदानाचा सपाटपणा आणि आग्नेयेस उभा असलेला मलंगगड एकाच दृष्टिक्षेपात दाखवावा. धावपट्टीची रेघ उपग्रहचित्रात आधीच पाहिली असेल तर मुले ती समोरच्या रानात आपोआप शोधू लागतात.

आता सर्वांत अवघड भाग. ही जमीन शेतकऱ्यांकडून युद्धाच्या निकडीसाठी घेतली गेली. युद्ध संपल्यावर ती परत मिळावयास हवी होती, असे त्या कुटुंबांचे म्हणणे; ती सरकारची मालमत्ता आहे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. २२ जून २०१७ रोजी, नौदलाने भिंत बांधावयास घेतल्यावर, येथे आंदोलन उसळून त्यास हिंसक वळण लागले. पोलीस व गावकरी दोन्हींकडची माणसे जखमी झाली. वर्गात या गावांची मुले असतात, क्वचित पोलिसांचीही असतात. शिक्षकाने निवाडा देऊ नये. परंतु वाद नकोत म्हणून हा विषयच गाळणे हेही बरे नव्हे. ज्या घरात सातबाऱ्याची गोष्ट रोज निघते, त्या घरच्या मुलास शाळा आपल्याविषयी गप्प आहे एवढेच त्यातून समजते. दोन्ही बाजू फळ्यावर शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरात लिहाव्या. सहलीत एखादे आजोबा बांध कोठे होता, विहीर कोठे होती हे सांगू लागले तर त्यांस मध्येच थांबवू नये, वेळापत्रक थोडे मागे पडले तरी चालेल. कागदपत्रे मात्र कोणाकडे मागू नयेत.

दुपारचे जेवण अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ करावे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे हे शिलाहारकालीन देवालय युद्धाशी संबंधित नाही, पण सावली व पाणी यांची सोय पाहता लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी हा थांबा हवाच.

तिसऱ्या प्रहरी उल्हासनगर. कल्याणच्या त्या छावणीत २,१२६ बराकी होत्या. बहुतेक बराकींत मध्ये एक लांब दालन व दोन्ही टोकांस खोल्या, अशी रचना असे. युद्ध संपले, छावणी ओस पडली; आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे कोनशिला बसविण्यात आली व वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. लोक अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतात. छावणीचा हा शब्द रोजच्या बोलण्यात टिकून राहिला आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

मूळ बराकी आता फार थोड्या उरल्या असून त्यांत संसार आहेत. दारातून डोकावणे, बोट दाखविणे असभ्यपणाचे होईल. वर्गातील एखाद्या सिंधी कुटुंबास आधी विचारून त्यांच्या आजींना दोन शब्द बोलावयास विनंती करावी. एकाच युद्धाने एका कुटुंबाची शेते गेली आणि त्याच युद्धाच्या बराकींत दुसऱ्या कुटुंबास छप्पर मिळाले; ही दोन्ही घरे आज एकाच वर्गात शेजारी बसतात. नेवाळीचे आजोबा आणि कॅम्पातील आजी समोरासमोर बसतील अशी व्यवस्था झाली, तर शिक्षकाने स्वतः फारसे बोलू नये. त्यानंतर दाल-पकवान घ्यावे. पुष्कळ मुलांच्या वहीत पहिली ओळ त्याचीच येईल; तीही खोडू नये.

प्रत्यक्ष विमान पाहण्याची हौस राहिली तर दुसऱ्या एखाद्या रविवारी मुंबईस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जावे. तेथे 'मरुत' हे भारतात बनलेले लढाऊ विमान ठेवलेले आहे. त्याचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. त्याचे रचनाकार कुर्ट टांक यांनीच महायुद्धात जर्मनीसाठी फॉके-वुल्फ १९० हे विमान योजिले होते. 'मरुत' बंगलोरच्या ज्या कारखान्यात तयार झाले, त्याची स्थापना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये केली होती. नेवाळीस चाललेली ती तीन हजार पावले आठवून, एवढ्याशा चाकांवरच्या विमानास इतकी लांब वाट का लागावी, हा प्रश्न तेथे उभे राहून विचारावा.