अणुभट्टी निवृत्त झाल्यावर कचऱ्याचं काय?

प्रश्न : तारापूरसारखी जुनी अणुवीज केंद्रं कायमची बंद झाल्यावर त्यांचा किरणोत्सारी कचरा आमच्याकडच्या जंगलात आणून पुरतील का? खर्च कोण करणार?
– एक वाचक, मुलचेरा (जि. गडचिरोली)

उत्तर : आधी कचऱ्याचे प्रकार समजून घेऊ. बहुतेक किरणोत्सार वापरलेल्या इंधनात असतो आणि भट्टी मोडण्याआधी ते बाहेर काढतात. भारतात त्यावर पुनर्प्रक्रिया होते. उरलेला तीव्र कचरा काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. तारापूरला ही सोय आहे.

मागे राहतात पाइप, पोलाद आणि काँक्रीट. यातला बराचसा भाग सौम्य किरणोत्सारी किंवा अगदी साधा असतो. सौम्य कचरा केंद्राच्या आवारातच, जमिनीलगतच्या काँक्रीटच्या चरांत ठेवण्याची आपली पद्धत आहे. तो दूरच्या रानात नेत नाहीत.

मोडायची घाईही नसते. पोलादातल्या कोबाल्ट-60चा किरणोत्सार दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. सुमारे 53 वर्षांत हजारावा भाग उरतो. थांबल्याने कामगारांचा धोका घटतो.

खर्चासाठी अणुविजेच्या दरात युनिटमागे 2 पैसे धरलेले असतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969पासूनच्या, म्हणून ही तरतूद पुरेशी आहे का, हे विचारत राहायला हवं.

हजारो वर्षं टिकणाऱ्या कचऱ्यासाठी मात्र खोल खडकातलं कायमचं भांडार भारतात अजून नाही. फिनलंडने सुमारे 400 मीटर खाली ते खोदलं, तेही स्थानिक नगरपालिकेच्या संमतीने. आपल्याकडेही कधी जागा ठरवायची वेळ आली, तर ग्रामसभेला आधी विचारावं, हा तुमचा आग्रह रास्तच ठरेल.