सातबाऱ्यावर वारस लागले, सिमचे काय?

कर्जत-खालापुरात माणूस गेला की दहाव्यापर्यंत तलाठ्याची आठवण होतेच. वारस नोंद कोणी विसरत नाही. पण कोंदिवडे, कशेळे, नेरळ पट्ट्यातली फार्महाऊसची कमाई आता फोनवरून येते. बुकिंग व्हॉट्सॲपवर, रस्ता गूगल मॅपवर, पैसे क्यूआरवर, आणि सगळे बहुधा एकाच माणसाच्या नंबरावर.

काय करावे

- आधी सिम सांभाळा. बँकेपासून इन्स्टाग्रामपर्यंत प्रत्येक ओटीपी तिथेच येतो. ९० दिवस वापर झाला नाही, तर प्रीपेड सिम बंद होऊ शकते आणि नंबर पुढे परक्या माणसाला मिळतो. व्हॉट्सॲपचे खाते साधारण १२० दिवस पडून राहिले की पुसले जाते. मृत्यूचा दाखला दाखवून नंबर वारसाच्या नावावर करून घ्या.
- फार्महाऊसच्या गूगल नोंदीवर मुलाला किंवा सुनेला हयातीतच दुसरा मालक करा. वर्षानुवर्षांचे रिव्ह्यू त्या नोंदीलाच चिकटलेले असतात.
- गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ लावा. खाते ३ ते १८ महिने पडून राहिले की तुम्ही नेमलेल्या माणसांना ते कळवते. काहीच केले नाही, तर २ वर्षांनी फोटोंसकट खाते जाऊ शकते. आयफोनवाल्यांनी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमावा.
- खात्यांची यादी वहीत लिहा आणि एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे वगैरे ठेवा. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीत माणसांसह घरेच्या घरे दरडीखाली गेली. तिथे कपाटातल्या कागदांची काय कथा!
- मृत्यूची नोंद २१ दिवसांत. दाखल्याच्या प्रती जास्तच घ्या.

काय टाळावे

- मोबाइलवर मृत्युपत्र करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मृत्युपत्राला लागूच होत नाही. कागद, सही आणि दोन साक्षीदार हवेतच. त्यात पासवर्डही लिहू नका; ते बदलतात, आणि मृत्युपत्र चार जण वाचतात.
- नॉमिनी म्हणजे मालक, असे धरून चालू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, म्हणून चार मालक होत नाहीत. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये हेच सांगितले : शेअर नॉमिनीच्या हाती आले, तरी मालकी वारसाहक्कानेच ठरते.
- गेलेल्या माणसाचा पिन ठाऊक आहे म्हणून पैसे काढू नका. तेराव्याच्या खर्चासाठी काढले तरी भाऊ उद्या हिशेब मागेल, आणि त्याचे चुकणार नाही.
- जुना फोन रीसेट करून पोरांना खेळायला देऊ नका.
- काउंटरवरचा क्यूआर तसाच ठेवू नका. पाहुणे पैसे टाकत राहतात, आणि दावा निकाली निघेपर्यंत ते खात्यात अडकतात.