थुंकी स्वच्छ झाली, पण रोगी?

परवा संध्याकाळी कॅम्प नं. ३ मधले एक गृहस्थ धाकट्या भावाला घेऊन दवाखान्यात आले. भावाला क्षयरोग झालेला, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, म्हणजे एम.डी.आर. टी.बी. सरकारी केंद्रात बेडाक्विलिन ही गोळी सुरू करायचे ठरले होते. थोरल्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, या गोळीच्या चाचणीत गोळी घेणारीच माणसं जास्त दगावली म्हणतात. मग देतात कशाला?"

त्यांनी ऐकलेली गोष्ट खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेली अर्धी सांगायची तर औषधाच्या चाचणीत काय मोजतात ते आधी पाहावे लागेल.

रोग्याला तीनच गोष्टी हव्या असतात. आपण जगावे, पुन्हा कामाला लागावे आणि रोग उलटू नये. पण हे मोजायला वर्षे लागतात. म्हणून संशोधक लवकर मोजता येईल अशी एखादी खूण धरतात. मधुमेहात रक्तातील साखर, हृदयरोगात कोलेस्टेरॉल आणि क्षयात थुंकीतले जंतू. गिरणीत कायम कामगार आला नाही की बदली कामगार उभा करीत, तशी ही बदली खूण. इंग्रजीत तिला सरोगेट म्हणतात. बदली कामगार बहुतेक वेळा काम निभावून नेतो. पण तो कायम कामगार नव्हे, हे मुकादमाने विसरायचे नसते.

आता बेडाक्विलिनकडे येऊ. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या चार रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली, आणि देशभर खळबळ उडाली. नव्या औषधाची निकड होती. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने बेडाक्विलिनला घाईची मंजुरी दिली. क्षयासाठी अगदी नव्या जातीचे औषध जवळजवळ चाळीस वर्षांनी आले होते. मंजुरीचा आधार मात्र बदली खूण हाच होता, थुंकीतले जंतू जाणे.

त्या मुख्य चाचणीत १६० रोगी होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना इतर औषधे चालूच होती. एका गटाला शिवाय बेडाक्विलिन, तर दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, अशी २४ आठवडे दिली. बेडाक्विलिनच्या गटात थुंकी स्वच्छ व्हायला साधारण ८३ दिवस लागले, दुसऱ्या गटात १२५. १२० आठवड्यांनी पाहिले तेव्हा थुंकी स्वच्छ असलेले एका गटात ६२ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के. निकाल उत्तम! पण त्याच चाचणीत बेडाक्विलिनच्या ७९ रोग्यांपैकी १० मरण पावले आणि दुसऱ्या गटातील ८१ पैकी २. या मृत्यूंमागे एकच एक कारण सापडले नाही. औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा मात्र छापावा लागला.

आता ज्याने फक्त ६२ आणि ४४ छापले तो खोटे बोलला नाही. ज्याने फक्त १० आणि २ सांगितले तोही नाही. पण माझ्या मते पहिल्याचा अपराध मोठा, कारण 'थुंकी स्वच्छ झाली' याचा अर्थ सामान्य वाचक 'रोगी बरा झाला' असाच घेतो.

क्षयात ही खूण एकदा चांगलीच फसवून गेली आहे. साध्या क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार चार महिन्यांवर आणावा म्हणून मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरून १,९३१ रोग्यांवर चाचणी झाली. निकाल २०१४ मध्ये आला. नव्या उपचाराने थुंकी अधिक लवकर स्वच्छ झाली होती. पण शेवटी बरे राहिलेले किती? जुन्या सहा महिन्यांच्या उपचारात ९२ टक्के, नव्या दोन प्रकारांत ८५ आणि ८० टक्के. थुंकी लवकर साफ झाली, पण रोग अधिक जणांत उलटला. दोन महिन्यांनी "रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता गोळ्या बंद करू का?" असे विचारणारे रोगी मला दर महिन्याला भेटतात. त्यांना मी हीच चाचणी सांगतो.

मग बेडाक्विलिनचे पुढे काय झाले? भारतात ते २०१६ पासून मुंबईसह मोजक्या केंद्रांत मिळू लागले. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सुमारे १९,६०० रोग्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यात थुंकी नव्हे, मृत्यू मोजले होते. बेडाक्विलिन घेणाऱ्यांत सुमारे १३ टक्के, न घेणाऱ्यांत सुमारे २५ टक्के. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. कदाचित त्यातल्या त्यात धडधाकट रोग्यांनाच नवी गोळी मिळाली असेल, ही शंका राहतेच. तरी दहा आणि दोनच्या भीतीला हे मोठे उत्तर होते. पुढे बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार निघाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत मृत्यू, उपचार फसणे, उपचार सुटणे, रोग उलटणे असे सगळे एकत्र मोजले. वाईट निकाल नव्या उपचारात ११ टक्के, जुन्यात ४८ टक्के. (जुन्या उपचारातील बराचसा आकडा औषधे मध्येच थांबवावी लागल्याचा आहे, हेही सांगायला हवे.) भारत सरकारने हा उपचार २०२४ मध्ये स्वीकारला.

हे सगळे मी त्या गृहस्थांना कागदावर आकडे मांडून सांगितले. अर्धा तास गेला, बाहेर बाकावर कुरकुर सुरू झाली. धाकटा तोवर गप्प होता. शेवटी म्हणाला, "मग गोळी घ्यायची ना?" म्हटले, घ्यायची, आणि थुंकी स्वच्छ झाली तरी पूर्ण मुदतीपर्यंत घ्यायची. या गोळीने हृदयाच्या ठोक्यात फरक पडू शकतो, म्हणून केंद्र सांगेल त्या तारखांना ईसीजी चुकवायचा नाही. चक्कर आली, छातीत धडधड वाटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्रात जायचे. थोरल्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, ईसीजीला उपाशीपोटी यावे लागते का? लागत नाही.