डाव आणि दान

बुद्धिबळाच्या पटावर दैवाला जागा नाही. दोन्ही पक्षांचे बळ सारखे असते, सर्व मोहरी डोळ्यांसमोर मांडलेली असतात, आणि हत्तीने प्यादे मारले की ते पटावरून उठलेच पाहिजे. सारीपाटाची रीत निराळी. तेथे खेळणारा कितीही चतुर असला, तरी फाशांचे दान पडल्यावाचून त्याची सोंगटी हलत नाही.

प्रत्यक्ष रणांगण या दोहोंहून वेगळे. सेनापतीची बुद्धी तेथे कामाला येते खरी. पण निरोप घेऊन निघालेला स्वार वाट चुकतो, एकाएकी धुके पडते, भरवशाची तुकडी ऐन वेळी कच खाते. रणांगणाचा हा स्वभाव खेळात कसा उतरवावा? १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइस्वित्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने, आपल्या वडिलांनी आरंभिलेले काम पुढे नेऊन, एक युद्धक्रीडा सिद्ध केली. तीत पटाऐवजी मोठा नकाशा असे. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाच्या हाती देत. शत्रूच्या ज्या तुकड्या नजरेच्या टप्प्यात येत, तेवढ्याच पंच नकाशावर दाखवी. चकमकीत कोणाची किती हानी झाली, हे फासे टाकून ठरे. डाव बुद्धीचा आणि दान दैवाचे, अशी दोहोंची सांगड तेथे घातली गेली.

या क्रीडेत एक मोठी अडचण होती. सर्व हिशेबाचे ओझे पंचाच्या माथी पडे. पुढे संगणक आला, आणि कितीही हिशेब केले तरी न थकणारा पंच खेळाडूंना लाभला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात संगणकावर डावपेचांचे अनेक खेळ निघाले. त्यांतील दोन खेळ त्यांचे चाहते आजही आदराने आठवतात.

पहिला ‘सिव्हिलायझेशन’, म्हणजे संस्कृती. सिड मायर व ब्रूस शेली यांनी रचलेला हा खेळ १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी होतो. त्या वेळी खेळाडूपाशी राज्य नसते, सैन्य नसते. असतात ते केवळ वस्तीसाठी जागा शोधणारे लोक. भोवतालचा नकाशा काळोखात असतो. नदी कोठे, डोंगर कोठे, शेजारी कोण, हे पाऊल पुढे टाकल्यावाचून कळत नाही. नगरे वसवावी, शेते पिकवावी, रस्ते बांधावे, लिपी आणि चाक यांचे शोध लावावे, शेजाऱ्याशी तह करावा की युद्ध हे ठरवावे, आणि असे करता करता सहस्रके ओलांडून अखेर दूरच्या ताऱ्याकडे यान धाडावे, एवढा त्याचा विस्तार आहे. प्रत्येक पाळी लहानशी; पण ती संपताना कोठे एखादा शोध पुरा होत आलेला असतो, कोठे एखाद्या नगराची तटबंदी अर्ध्यावर आलेली असते. ‘आणखी एकच पाळी’ असे म्हणता म्हणता खेळणाऱ्याची रात्र सरते.

दुसरा खेळ ‘एक्स-कॉम’. ब्रिटनमधील ज्युलियन व निक गॉलप या बंधूंनी तो रचला आणि १९९४ साली तो बाहेर पडला. परग्रहावरून आलेल्या शत्रूपासून पृथ्वीचे रक्षण करावे, हे त्यातील कार्य. येथे मोठी सेना नसते. मोजके सैनिक असतात आणि प्रत्येकाला स्वतःचे नाव असते. प्रत्येक पाळीला सैनिकाच्या वाट्याला ठरावीक वेळ येतो. चालणे, वळणे, गुडघा टेकून बसणे, नेम धरून गोळी झाडणे, या प्रत्येक कृतीला त्यातील काही वेळ खर्ची पडतो. सगळा वेळ धावण्यात घालवला, तर शत्रू समोर येताच प्रत्युत्तर द्यायला काही उरत नाही. फार जपून पावले टाकली, तर शत्रूला सवड मिळते. नवखा सैनिक अनुभवाने तरबेज होतो; पण एकदा धारातीर्थी पडला, की तो परत येत नाही. म्हणूनच खेळणाऱ्याचा जीव त्या चिमुकल्या आकृतींत गुंततो.

या खेळांची गोडी जेथे आहे, तेथेच त्यांचा मनस्तापही आहे. गोळी झाडण्यापूर्वी ‘एक्स-कॉम’ नेमाचा अंदाज आकड्यात सांगतो. शेकडा ९० हा आकडा पाहून खेळाडू निर्धास्त होतो, आणि गोळी शत्रूला चाटून निघून जाते. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये तर भालाईतांच्या प्राचीन तुकडीने पोलादी युद्धनौकेला हरवावे, असेही घडे, आणि अशा हकिगती खेळाडू एकमेकांना चिडून सांगत. १९९६ साली निघालेल्या दुसऱ्या भागात लढाईचे नियम बदलून असे प्रसंग पुष्कळ कमी करण्यात आले. तथापि खेळाडूच्या संतापाचे मूळ केवळ नियमांत नव्हते. ते माणसाच्या मनातही होते.

२०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथे खेळ रचणाऱ्यांच्या मेळाव्यात सिड मायर यांनी याविषयी व्याख्यान दिले. २००८ साली त्यांचा या मालिकेतील आणखी एक खेळ प्रसिद्ध झाला होता. त्यात लढाईपूर्वी दोन्ही पक्षांचे बळ आकड्यांत दिसे. आपले बळ तीन आणि शत्रूचे एक असताना हार झाली, की खेळाडू रागावत आणि खेळात खोट आहे असे म्हणत. पण आपले बळ एक आणि शत्रूचे तीन असताना आपण जिंकलो, तर त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. तो विजय आपल्या चातुर्याचा, असे ते मानत. तेच गणित, तोच फासा. केवळ दान कोणाच्या बाजूने पडले, यावर न्याय आणि अन्याय ठरत होता.

हे गणित दोन नाण्यांनी पडताळून पाहता येते. दोन नाणी एकदम उडवावीत. दोन्हींवर छाप आला तर हार, एरव्ही जीत. चार शक्यतांपैकी तीन जिंकण्याच्या आणि एक हरण्याची, म्हणजे ही लढाई तिनास एक अशी आपल्या बाजूची झाली. तरीही चार वेळांत सरासरी एकदा हार पदरी येणारच. इतकेच नव्हे, तर लागोपाठ दोनदा हरण्याची शक्यताही सोळांत एक आहे, शून्य नव्हे. त्याचप्रमाणे शेकडा ९० नेमाच्या दहा गोळ्या झाडल्या, तर दहाही गोळ्या लागण्याचा योग शंभरांत सुमारे ३५ वेळाच येतो. उरलेल्या सुमारे ६५ वेळा एखादी तरी गोळी चुकतेच. जो खेळाडू ‘शेकडा ९०’ याचा अर्थ ‘नक्की’ असा करतो, त्याला संगणक फसवीत नाही. तो स्वतःच फसतो.

केवळ फळ पाहून न्याय करण्याची सवय किती महागात पडते, याचे एक उदाहरण ‘एक्स-कॉम’च्याच इतिहासात आहे. सोप्यापासून अतिशय कठीणापर्यंत खेळाच्या पाच पायऱ्या होत्या. परंतु आरंभीच्या आवृत्तीत एक दोष राहून गेला. जपून ठेवलेला डाव पुन्हा उघडला, की कोणतीही पायरी निवडलेली असो, खेळ गुपचूप सर्वांत सोप्या पायरीवर येई. कठीण पायरी निवडणारे कसलेले खेळाडू सहज जिंकू लागले आणि खेळ फार सोपा असल्याची तक्रार करू लागले. दोषाचा थांगपत्ता कोणाला नव्हता. त्यामुळे १९९५ साली निघालेला पुढचा खेळ मुद्दाम अधिक कठीण करण्यात आला, आणि त्यात नवख्यांची त्रेधा उडाली. कारण न शोधता परिणामावर विसंबल्यामुळे असे झाले.

या खेळांत एक मोहही असतो. डाव जपून ठेवण्याची सोय असल्यामुळे, हार झाली की मागचा डाव उघडावा आणि पुन्हा गोळी झाडावी; न लागली तर आणखी एकदा. असे करणाऱ्याचे सर्व सैनिक जिवंत राहतात. पण त्यांच्याविषयीची काळजी नाहीशी होते, आणि काळजी गेली की जिंकण्याचा आनंदही जातो. शिवाय नेम चुकला तर काय करावे, याचा विचार करण्याची गरजच त्याला उरत नाही.

निपुण खेळाडू निराळ्या रीतीने वागतो. हरल्यावर तो स्वतःला विचारतो, “चाल चुकली, की दान उलटे पडले?” चाल चुकली असेल तर तो ती सुधारतो. चाल योग्य असून दान उलटे पडले असेल, तर तो पुन्हा तीच चाल निःशंकपणे खेळतो. मात्र नेम चुकलाच तर सैनिकाला आडोसा मिळेल, अशी तजवीज आधी करून ठेवतो. जिंकल्यावरही तो हाच प्रश्न विचारतो, आणि हे अधिक कठीण असते. कारण वाईट चालीला चांगले दान मिळाले, तर ती चाल शहाणपणाची वाटू लागते. दान कोणाच्याच हाती नसते. डाव मात्र ज्याचा त्याच्या हाती असतो, आणि तो नीट मांडण्याची सवय खेळ संपल्यावरही उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. बुद्धिबळ व सारीपाट यांत कोणता भेद आहे? युद्धक्रीडेत त्या दोहोंची सांगड कशी घातली गेली?

२. ‘एक्स-कॉम’ खेळातील दोषामुळे पुढचा खेळ कठीण का झाला, ते आपल्या शब्दांत सांगा.

३. दोन नाणी बत्तीस वेळा उडवा. किती वेळा हार झाली व लागोपाठ हार किती वेळा झाली, ते लिहून ठेवा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : कच खाणे, धारातीर्थी पडणे, त्रेधा उडणे, जीव गुंतणे.

५. चांगला निर्णय घेऊनही फळ मनासारखे न मिळाल्याचा एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.