उन्हाळ्यात तेजाब लोखंड जास्त का खाते?

कारागीर बंधूंनो, रंग देण्यापूर्वी किंवा जस्ताचा मुलामा चढवण्यापूर्वी लोखंडावरचा गंज तेजाबात काढतात. पण गंज निघाला तरी तेजाब थांबत नाही, ते चांगले लोखंडही खाते. पत्रा पातळ होतो आणि तेजाब वाया जाते. हे टाळण्यासाठी त्यात रोधक द्रव्य टाकतात. हेक्झामिन हे त्यातले ओळखीचे नाव.

रोधकाचे कण लोखंडाला चिकटून पातळ थर करतात. गंज विरघळतो, पण धातूचा बराच बचाव होतो. मात्र उष्णता वाढली की अनेक रोधकांची पकड सुटू लागते. हेक्झामिन तर गरम तेजाबात हळूहळू विघटन पावते. उलट तेजाबाचा जोर ढोबळमानाने दर 10 अंशांना दुप्पट होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या जळगाव जामोदला मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका.

हिशेब पाहा. समजा, सकाळी साध्या तेजाबात पट्टीचे वजन 5 ग्रॅम घटले आणि रोधक टाकल्यावर 1 ग्रॅम. बचाव झाला 80 टक्के. दुपारी हेच आकडे 10 आणि 4 आले, तर बचाव 60 टक्के. टक्केवारी 20 नेच उतरली, पण रोधक असूनही लोखंडाचे नुकसान चौपट झाले!

सर्वच रोधक असे नसतात. काही द्रव्ये धातूशी रासायनिक बंध जोडतात. ती उष्णतेतही टिकतात. म्हणून माल घेताना भावाबरोबर ‘हे किती अंशांपर्यंत चालते?’ हेही विचारावे. आपल्या घरची मेंदीसुद्धा रोधक आहे. तिच्या पानांचा अर्क तेजाबात लोखंडाचा बचाव करतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

ध्यानात ठेवा:
1. काम सकाळी करा, टाकी सावलीत ठेवा.
2. तेजाब पाण्यात ओता, पाणी तेजाबात कधीही नाही.
3. गंज निघताच माल काढून भरपूर पाण्याने धुवा.
4. निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. जवळ बिडी किंवा वेल्डिंग नको. वारा खेळता ठेवा, हातमोजे व चष्मा वापरा.
5. नवा रोधक आधी दोन सारख्या, वजन केलेल्या पट्ट्यांवर तपासा: एक साध्या तेजाबात, एक रोधकाच्या. वेळ व उष्णता दोन्हींना सारखीच ठेवा.

पट्टी तोलायला सोनाराचा काटा पुरतो. एका दिवसाची ही तपासणी पुढचे अनेक पत्रे वाचवील.