काटा तसाच राहिला तेव्हा

शास्त्रभाग : २ करिंथ १२:७-१०

बंगळुरूच्या पूर्वेस के. आर. पुरम येथे आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनेसाठी जमतो. मागील सभेत एका भगिनीने विचारलेला प्रश्न या पाठाचे निमित्त आहे. तिच्या लहान मुलाला अपस्माराचे झटके येतात. औषधे चालू आहेत, तीन वर्षे प्रार्थनाही चालू आहे, तरी झटके थांबलेले नाहीत. घरात विश्वास कमी असला पाहिजे, असे तिला कोणीतरी सांगितले होते. तिने मान खाली घालून विचारले, "माझा विश्वास उणा म्हणून माझे लेकरू सोसते आहे काय?"

त्या सायंकाळी मी तिला जे उत्तर दिले ते तोकडे होते. म्हणून घरी येऊन हा शास्त्रभाग मूळ ग्रीक भाषेत पुन्हा वाचावयास घेतला.

पौल ज्याला देहातील काटा म्हणतो त्यासाठी मुळात 'स्कोलोप्स' हा शब्द आहे. पायात रुतलेल्या काट्याला तो चालतो, तसाच अणकुचीदार खुंटालाही चालतो. म्हणजे हे दुखणे किरकोळ नसावे. ते डोळ्यांचे होते, हिवतापाचे होते की विरोधकांचे, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्यात फारसे स्वारस्य नाही. पौलाने नाव सांगितले नाही, आणि त्यामुळेच अपस्मार झालेल्या मुलाची आईही या वचनात स्वतःला पाहू शकते.

ते दूर व्हावे म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूनेही तीनदाच प्रार्थना केली होती आणि तो प्याला टळला नाही. तेव्हा काटा काढावा अशी विनंती करणे हा अविश्वास नव्हे. आणि काटा न निघणे हा विश्वासावरील निकालही नव्हे. इफिसात ज्याच्या अंगावरील रुमालांनी रोगी बरे झाले (प्रे. कृत्ये १९:१२), त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर तर त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय सुचवला (१ तीमथ्य ५:२३). यांपैकी कोणालाही त्याने अल्पविश्वासी म्हटलेले नाही.

आता उत्तराकडे वळू. आपली कृपा पौलाला पुरेशी आहे, असे प्रभूने सांगितले. येथे 'सांगितले' यासाठी 'एइरेकेन' हे रूप आहे. बोलणे होऊन गेले, पण त्याचा परिणाम टिकून आहे, असा या काळाचा अर्थ. मराठीत जवळचा प्रयोग 'सांगून ठेवले आहे' हा होईल. वडीलधाऱ्या माणसाने सांगून ठेवलेली गोष्ट आपण जशी वेळोवेळी आठवतो, तसे हे वचन आहे. पुढचे 'आर्केइ' हे क्रियापद वर्तमानकाळी आहे : पुरते, पुरत राहते. पुरणे हा आपल्या स्वयंपाकघरातला शब्द. डब्यातले पीठ महिनाअखेर पुरेल का, हे गृहिणी हात घालून पाहते. सारफथच्या विधवेचे मडके (१ राजे १७) भरून वाहू लागले असे शास्त्र सांगत नाही; ते सरले नाही, एवढेच सांगते. रोज सकाळी तिला तळाशी पीठ दिसत असेल. कृपा पुरते ती बहुधा अशी. साठा करण्याइतकी ती मिळत नाही, म्हणून आपल्याला ती मिळालीच नाही असे वाटते.

मी ज्या राज्यात बसून हे लिहीत आहे, त्याच राज्यातील गंगामूळ येथे १८५८ साली पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. आम्हां भाषांतरकारांना त्यांची आठवण वारंवार येते. पुराण सांगून उपजीविका करणाऱ्या कुटुंबातील ही कन्या. ऐकणे आणि बोलणे हीच तिची संपत्ती. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. परंतु बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला, आणि हे उणेपण जन्मभर राहिले. तो मार्ग बंद झाला म्हणूनच १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले, असे गणित मांडण्याचा मोह होतो; मी तो आवरतो. देवाच्या नकाराचा हिशेब आपण इतक्या चटकन जुळवू नये.

कारण पुढे न जुळणारा प्रसंग येतो. ज्या मनोरमेच्या हाती मुक्ति मिशन सोपवायचे, ती एकुलती एक लेक १९२१ च्या जुलैत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारली. अशा वेळी कोणती आई प्रार्थना करणार नाही? रमाबाई तेव्हा हिब्रू व ग्रीक भाषांतून, साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. मुद्रिते पुरी करण्यास त्यांनी देवाजवळ दहा दिवस मागितले व ते मिळाले, असे चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. लेक मिळाली नाही, दहा दिवस मिळाले. याचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. मुलीच्या मृत्यूनंतरचे ते आठ-नऊ महिने मात्र माझ्या डोळ्यांपुढे येतात : मेजावर मुद्रिते, आणि हातात लेखणी धरण्याइतके त्या दिवसाचे बळ.

माझ्या डाव्या डोळ्याची दृष्टी काचबिंदूने नेली आहे, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. हिब्रूची स्वरचिन्हे टिंबाएवढी बारीक असतात. एक ओळ तपासावयास मला आता पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतो. यासाठी मीही प्रार्थना केली आहे, तीनपेक्षा पुष्कळ अधिक वेळा. औषधाचे थेंब घालतो, भिंग घेतो आणि ओळ तपासतो.

त्या भगिनीला मी हे सारे पुढील सभेत सांगणार आहे. दोष तिचा नाही, हे सर्वांसमक्ष सांगणार आहे, कारण तो तिच्या माथी मारला गेला तोही चारचौघांतच. त्यानंतर मुलाचे झटके थांबावेत म्हणून आम्ही पुन्हा प्रार्थना करू. चौथ्यांदा मागू नये, असे पौलाने कोठेही लिहिलेले नाही.